वडगावचं भांडण, अलिपूरची गोळी

माझ्या लेकीचं घर कोलकात्यात, कालीघाटला आहे. नातवाच्या जन्माच्या वेळी मी जुलैत तिकडे गेले आणि तीन महिने राहिले. सकाळी बाळाची मालिश-अंघोळ उरकली की मायलेक दोघंही झोपायचे. तेवढे दोन तास माझे. छत्री घ्यायची, टॉलीच्या नाल्यावरचा पूल ओलांडायचा, अलिपूरच्या प्राणिसंग्रहालयाच्या बाजूनं नॅशनल लायब्ररीच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत यायचं, असा माझा क्रम ठरून गेला होता.

एके दिवशी वाट थोडी बदलली आणि हवामान खात्याच्या कचेरीपाशी आले. तिथल्या पाटीवर रस्त्याचं नाव होतं ‘ड्युएल अव्हेन्यू’. म्हणजे द्वंद्वाचा रस्ता. पावसाची भुरभुर चालू होती. मी तिथेच उभी राहिले, कारण कोणतं द्वंद्व ते मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं मी वडगाव मावळच्या शाळेत इतिहास शिकवला आहे. वॉरन हेस्टिंग्ज आणि फिलिप फ्रान्सिस यांच्यात १७८० साली कोलकात्याला पिस्तुलांचं द्वंद्व झालं, हे एक वाक्य मी दरवर्षी वर्गात सांगत असे. ‘इंग्रजांमधले अंतर्गत मतभेद’ या सदराखाली ते यायचं आणि आम्ही पुढे सरकायचो.

ते मतभेद कशावरून होते, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते नीट माहीत नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस लायब्ररीच्या वाचनालयात बसून जुने कागद आणि चरित्रं चाळली तेव्हा कळलं की ते भांडण आपल्यावरून होतं. मराठ्यांशी चाललेल्या युद्धावरून. ज्या युद्धातली वडगावची लढाई मी मुलांना गावातल्या गावात हिंडवून, बोटानं जागा दाखवून शिकवत होते, त्याच युद्धावरून त्या रस्त्यावर दोन माणसं एकमेकांवर पिस्तूल रोखून उभी राहिली होती.

आमच्याकडच्या बाजूची गोष्ट मावळातल्या लहान मुलालाही माहीत असते. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये निघाली. माणसं ३,९०० आणि सामान ओढायला बैल १९,०००. घाट चढून वर आल्यावर ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. त्याच्या शौर्यासाठी मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं आणि त्याची समाधी आमच्या वडगावात आहे. फौज तळेगावपर्यंत पोचली तर पुढे मैदान मोकळं आणि गाव रिकामं. जड तोफा तळ्यात ढकलून रातोरात माघार घेतली, पण वडगावला महादजी शिंद्यांच्या फौजेनं त्यांना कोंडलं. मग तह. साष्टी आणि १७७३ नंतर घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, रघुनाथरावांना स्वाधीन करायचं, आणि बोलीला तारण म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट असे दोन ओलीस ठेवायचे. (हा स्टुअर्ट वेगळा. वर्गात दरवर्षी या नावाचा घोळ व्हायचा.)

आणि मग काय झालं? घाट उतरून खाली गेल्याबरोबर, फौजेच्या वतीनं तह करणाऱ्या कार्नॅकनं शब्द फिरवला. मुंबईच्या कौन्सिलनं सांगितलं की असा तह करण्याचा त्याला अधिकारच नव्हता. कोलकात्यानंही तेच म्हटलं. ओलीस मागे, फौज सुखरूप घरी, तह रद्द.

शब्द हा शब्द इथे लक्षात ठेवावा. मला पुढे जे सांगायचं आहे ते सगळं त्याच्याभोवती आहे.

आता कोलकात्याची बाजू. १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टनं गव्हर्नर-जनरल हे पद आणि त्याच्यासोबत चौघांचं कौन्सिल निर्माण केलं. गव्हर्नर-जनरल झाला हेस्टिंग्ज, पण त्यालाही एकच मत, फक्त समसमान झाली तर निर्णायक मत त्याचं. बार्वेल आधीपासून इथलाच. बाकीचे तिघे, म्हणजे जनरल क्लॅव्हरिंग, कर्नल मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस, ऑक्टोबर १७७४ मध्ये जहाजानं आले आणि चांदपाल घाटावर उतरताक्षणी रुसले. किल्ल्यावरून सतरा तोफांची सलामी झाली. त्यांची अपेक्षा एकवीसची होती. पहिल्याच दिवशी पडलेली ही गाठ पुढे सहा वर्षं सुटली नाही. तीन विरुद्ध दोन. हेस्टिंग्जनं पूर्व म्हटलं की तिघांनी पश्चिम म्हणायचं. १७७५ मध्ये क्लॅव्हरिंग आणि बार्वेल यांचंही एक द्वंद्व झालं, कुणाला लागलं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हेस्टिंग्जवर लाचेचा आरोप करणाऱ्या महाराजा नंदकुमारांना दुसऱ्याच एका खोट्या दस्तऐवजाच्या खटल्यात फाशी झाली. शिक्षा देणारा मुख्य न्यायाधीश इलायजा इम्पी हा हेस्टिंग्जचा शाळासोबती. नंदकुमारांची ती फाशी हा या भांडणातला सगळ्यात काळा भाग आहे. साहेब एकमेकांशी लढत होते आणि मान एका बंगाली माणसाची गेली.

माझ्या डोक्यात मात्र घरचा विषय घोळत होता, म्हणून मी तारखा शेजारी शेजारी मांडल्या. मुंबईकरांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला मार्च १७७५ मध्ये. हेस्टिंग्जला तो पसंत नव्हता, पण सुरू झालेली लढाई मध्येच सोडावी हेही पसंत नव्हतं. कौन्सिलात बहुमत फ्रान्सिसच्या गटाचं. त्यांनी कर्नल अप्टनला पुण्याकडे पाठवलं आणि १ मार्च १७७६ ला पुरंदरचा तह झाला. सखारामबापू आणि नाना फडणीस यांच्याशी झालेला हा तह. मग सप्टेंबर १७७६ मध्ये मॉन्सन वारला, ऑगस्ट १७७७ मध्ये क्लॅव्हरिंग वारला. बहुमत उलटलं. १७७८ मध्ये हेस्टिंग्जनं काल्पीहून बंगालची फौज पश्चिमेकडे रवाना केली.

पुरंदरच्या तहाचा जीव कोलकात्यातल्या दोन आजारी माणसांच्या नाडीला बांधलेला होता. पुण्यात बसून नाना फडणीस सगळ्या हिंदुस्थानची बातमी राखत, पण कोलकात्यातल्या त्या दोन अंथरुणांवर आपल्या तहाचं आयुष्य ठरतं आहे, याला ते तरी काय करणार होते? मी एकतीस वर्षं ‘इंग्रजांनी पुरंदरचा तह पाळला नाही’ असं शिकवलं. ते खरंच आहे. पण तो कसा मोडला, हे त्या वाचनालयात पंख्याखाली बसून पहिल्यांदा समजलं.

फ्रान्सिस हा मनुष्य मला बरेच दिवस आपल्या बाजूचा वाटत होता. पुरंदरच्या बाजूचा, मराठ्यांशी लढू नका म्हणणारा. अधिक वाचल्यावर ते मत टिकलं नाही. तो हुशार होता, लिहायला धारदार होता. लंडनच्या वर्तमानपत्रात ‘ज्युनियस’ या टोपणनावानं मंत्र्यांची सालं काढणारी जी पत्रं आली, ती त्याचीच असं बहुतेक अभ्यासक मानतात. पण त्याला हेस्टिंग्जची खुर्ची हवी होती. मराठ्यांशी युद्ध हेस्टिंग्जनं काढलं म्हणून फ्रान्सिस तहाच्या बाजूचा. आपलं नशीब त्याच्या मत्सराला जोडलेलं होतं, एवढाच त्याचा आपल्याशी संबंध.

आणि मानापमानाच्या बाबतीत तो कसा होता, ते एका वेगळ्याच प्रकरणात दिसतं. कंपनीच्या नोकरीतला ग्रँड नावाचा एक गृहस्थ. त्याची बायको कॅथरीन, तरंगमबाडीला जन्मलेली, अतिशय देखणी. ८ डिसेंबर १७७८ च्या रात्री ग्रँड बाहेर जेवायला गेला असताना फ्रान्सिस शिडी लावून त्याच्या आवारात उतरला आणि नोकरांनी त्याला पकडलं. दुसऱ्या दिवशी ग्रँडनं त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. फ्रान्सिसनं उत्तर पाठवलं की मी तुमचं काही वाईट केल्याचं मला ठाऊक नाही, सबब नकार. मग ग्रँड सुप्रीम कोर्टात गेला. मार्च १७७९ मध्ये कोर्टानं फ्रान्सिसला पन्नास हजार सिक्का रुपये भरायला लावले. कॅथरीन पुढे फ्रान्सला गेली आणि तिथला परराष्ट्रमंत्री तालेराँ याची बायको झाली, पण ती गोष्ट निराळी.

तर ज्याच्या घरात आपण रात्री शिरलो, त्याच्यासमोर हा गृहस्थ पिस्तूल घेऊन उभा राहिला नाही. पावणेदोन वर्षांनी हेस्टिंग्जसमोर मात्र स्वतःहून उभा राहिला. का?

१७८० च्या सुरुवातीला बार्वेलला इंग्लंडला परत जायचं होतं. त्याच्याजवळ भरपूर पैसा जमला होता. पण तो गेला तर हेस्टिंग्ज एकटा पडणार. नवा सेनापती आयर कूट बहुतेक वेळा बाहेरगावी, म्हणजे टेबलाशी हेस्टिंग्जविरुद्ध फ्रान्सिस आणि कौन्सिलातला नवा सभासद व्हीलर. म्हणून मध्यस्थ घालून फेब्रुवारीत समेट झाला. फ्रान्सिसच्या माणसांना काही जागा परत मिळाल्या आणि बदल्यात फ्रान्सिसनं मराठ्यांविरुद्धच्या युद्धाला आडवं यायचं नाही असं ठरलं. हे बोलणं तोंडी. त्या भरवशावर बार्वेल मार्चमध्ये जहाजावर चढला.

तिकडे बंगालच्या त्या फौजेचा सेनापती जनरल गॉडर्ड गुजरातेत होता. फेब्रुवारीत त्यानं अहमदाबाद घेतलं होतं, पण महादजी आणि तुकोजी होळकर त्याच्यासमोर होते आणि हाती लागत नव्हते. हेस्टिंग्जनं डाव मांडला: शिंद्यांच्या घराकडे, माळव्याच्या बाजूला फौज घाला, म्हणजे महादजींना गुजरात सोडून धावावं लागेल. त्यासाठी गोहदच्या राण्याच्या मुलखातून मेजर कॅमॅकची तुकडी पुढे न्यायची. फ्रान्सिसनं विरोध केला. पैसा कुठून आणणार? जूनमध्ये हेस्टिंग्जनं खर्चासाठी दोन लाखांहून जास्त रुपये स्वतः देऊ केले. ते पैसे मुळात बनारसचा राजा चैतसिंग याच्याकडून गुपचूप आलेले होते, हे त्यानं तेव्हा कौन्सिलला सांगितलं नाही. तरी फ्रान्सिस अडूनच राहिला. त्याचं म्हणणं असं की मी पश्चिम किनाऱ्यावर आधीच सुरू असलेल्या लढाईपुरतं मान्य केलं होतं, ही नवी मोहीम त्यात बसत नाही. हेस्टिंग्जचं म्हणणं असं की तू शब्द दिला होतास.

बोली तोंडी, लेखी काही नाही. कोण खरं बोलत होता हे मी ठरवू शकत नाही. माझं मन हेस्टिंग्जकडे झुकतं, कारण एवढा सावध माणूस भक्कम भरवसा असल्याशिवाय बार्वेलला जाऊ देणार नाही.

जुलैच्या आरंभी हेस्टिंग्जनं एक टिपण लिहून ठेवलं. फ्रान्सिस तापानं आजारी होता म्हणून ते काही दिवस दाबून ठेवलं. मग बायकोला, मेरियनला, चिनसुऱ्याच्या डच वसाहतीत पोचवलं, स्वतः परत आला आणि १४ ऑगस्टला ते फ्रान्सिसकडे पाठवलं. त्यात त्यानं लिहिलं होतं की या गृहस्थाच्या सार्वजनिक वागण्याची पारख मी त्याच्या खासगी वागण्यावरून करतो, आणि त्यात मला सत्य आणि इभ्रत यांचा लवलेशही आढळला नाही. हे नुसतं रागाच्या भरात तोंडातून निसटलेलं वाक्य नव्हतं. सहा आठवडे जपून ठेवलेलं होतं. आणि कौन्सिलच्या दप्तरात ते कायमचं राहणार होतं. दुसऱ्या दिवशी बैठक झाल्यावर फ्रान्सिसनं हेस्टिंग्जला बाजूच्या खोलीत नेलं आणि लिहून आणलेलं आव्हान वाचून दाखवलं. दिवस ठरला, गुरुवार, १७ ऑगस्ट.

माझ्या जावयाचे वडील, आमचे व्याही, निवृत्त सर्वेक्षक आहेत. मी त्यांना दादा म्हणते, ते मला दीदी म्हणतात. मराठी-बंगाली-हिंदी असं आमचं मिळून एक बोलणं तयार झालं आहे. मी त्यांना ही सगळी गोष्ट सांगितल्यावर ते म्हणाले, “दीदी, १७ तारीख परवाच आहे की. पहाटेच जाऊ.” त्यांच्या नोकरीतली मोजपट्टी अजून घरात होती. साडेपाचला आम्ही त्या रस्त्यावर होतो. उजाडलं होतं, पण ढगांमुळे उजेड राखी होता. कोलकात्याच्या ऑगस्टमध्ये पहाटेसुद्धा अंगातून घाम निथळतो आणि भिंतीला हात लावला तरी ओला होतो. दमट हवेत दारू ओली होणारच.

त्या पहाटेचं वर्णन हेस्टिंग्जचा साक्षीदार कर्नल पीअर्स यानं लिहून ठेवलं आहे. फ्रान्सिसचा साक्षीदार कर्नल वॉटसन. हेस्टिंग्ज सत्तेचाळीस वर्षांचा, फ्रान्सिस एकोणचाळीसचा. दोघांपैकी कुणीही आधी द्वंद्व लढलेलं नव्हतं. हेस्टिंग्जनं आयुष्यात एकदोनदा पिस्तूल उडवलं होतं, फ्रान्सिसनं कधीच नाही. पहिली जागा बेल्व्हेडिअरच्या बागेतल्या झाडांच्या रांगांमध्ये निघाली, ती अंधारी वाटली म्हणून नापसंत झाली. रस्त्यावर उभं राहावं तर घोड्यावरून रपेट करणारे यायची वेळ झालेली. शेवटी बार्वेलच्या घराकडच्या वाटेवर एक कोरडी जागा मिळाली. अंतर चौदा पावलं. लंडनला आदल्याच नोव्हेंबरात फॉक्स आणि अ‍ॅडम यांचं द्वंद्व चौदा पावलांवरून झालं होतं, म्हणून इथेही तेच. म्हणजे लंडनची रीत अलिपूरच्या चिखलात जशीच्या तशी.

दादांनी पट्टी धरली आणि मी पावलं मोजली. चौदा पावलं झाल्यावर मी वळून पाहिलं तर दादांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. इतकं ते अंतर कमी आहे. वर्गात मी ‘द्वंद्व झालं’ म्हणायचे तेव्हा माझ्या मनात एवढ्या जवळून उभी असलेली माणसं कधी आली नव्हती. आदल्या रात्री हेस्टिंग्जनं बायकोला पत्र लिहून ठेवलं होतं. आपलं बरंवाईट झालं तरच तिला द्यायचं. हे पत्र तुझ्या हातात पडलं तर तुला काय वाटेल या विचारानं जीव तुटतो, असा त्याचा भाव आहे. पुण्याच्या दरबाराशी खेळणारा तो गव्हर्नर-जनरल त्या पत्रात दिसत नाही. एक घाबरलेला नवरा दिसतो.

फ्रान्सिसनं चाप ओढला तर पिस्तूल पेटलंच नाही. दारू सर्दावली होती. पीअर्सनं, म्हणजे प्रतिपक्षाच्या साक्षीदारानं, त्याला स्वतःजवळचं नवं काडतूस दिलं. मग पुन्हा दोघं जागेवर. फ्रान्सिसची गोळी चुकली. लगोलग हेस्टिंग्जनं झाडलेली फ्रान्सिसच्या उजव्या कुशीत शिरली. तो कोसळला आणि ‘मी मेलो’ म्हणाला. ‘देवा, तसं न होवो’ म्हणत हेस्टिंग्ज त्याच्याकडे धावला. गोळी बरगडीला लागून वळली, पाठीच्या कण्याला न शिवता पलीकडच्या बाजूला कातडीखाली जाऊन बसली. त्याला शहरात न्यायचं तर वाटेत टॉलीचा नाला भरतीनं तुडुंब, पालखी ओलांडेना. म्हणून त्याला बेल्व्हेडिअरमध्येच नेलं. मी रोज ज्या पुलावरून जात होते तोच हा नाला, आणि बेल्व्हेडिअर म्हणजे ज्याच्या आवारात मी रोज वाचत बसत होते तीच नॅशनल लायब्ररी.

हेस्टिंग्जनं मेरियनला कळवलं की मी सुखरूप आहे, पण फ्रान्सिसच्या जिवाला धोका असेतोवर मला कोलकाता सोडता येणार नाही. भेटायला येऊ का, असं त्यानं फ्रान्सिसला विचारलं. उत्तर आलं की यापुढे भेट फक्त कौन्सिलच्या टेबलाशी. काही आठवड्यांत फ्रान्सिस बरा होऊन त्या टेबलाशी येऊन बसलासुद्धा. पण त्याची उमेद गेली होती. डिसेंबर १७८० मध्ये तो इंग्लंडला गेला आणि पुढे पार्लमेंटातल्या एडमंड बर्कच्या कानाशी लागून त्यानं हेस्टिंग्जवर महाभियोग उभा करायला मदत केली. १७८८ ते १७९५, सात वर्षं तो खटला वेस्टमिन्स्टरला चालला. हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. दोघेही वारले १८१८ मध्ये, हेस्टिंग्ज ऑगस्टमध्ये, फ्रान्सिस डिसेंबरमध्ये. पेशवाई त्याच वर्षी जूनमध्ये बुडाली. (तेव्हाचा गव्हर्नर-जनरलही हेस्टिंग्जच, पण तो दुसरा. या घोळानंही माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे गुण गेले आहेत.)

ज्या मोहिमेवरून हे सगळं झालं, तिचं काय? द्वंद्वाच्या तेरा दिवस आधी, ४ ऑगस्टच्या पहाटे, कॅप्टन पॉपहॅमच्या शिपायांनी शिड्या आणि दोर लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता. हेस्टिंग्जचा डाव लागला. शिंद्यांना घराकडे वळावं लागलं, आणि १७८२ च्या मे महिन्यात सालबाईचा तह महादजींच्याच मध्यस्थीनं झाला.

हे सगळं वाचून संपल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. पण मनात एकच गोष्ट सलत राहिली, आणि ती लिहायची म्हणूनच आज बसले. कोलकात्याच्या त्या टेबलाशी शब्दाला किंमत होती. एकानं दुसऱ्याला ‘तू शब्द मोडलास’ म्हटल्यावर गोळी घालण्यापर्यंत वेळ यावी, इतकी. तोंडी शब्द, तोही दोघांतला. पुरंदरला तर सह्या होत्या. वडगावला सह्या होत्या आणि जिवंत माणसं तारण होती. त्या मोडण्यावरून त्या टेबलाशी एकाही माणसाची झोप उडाली नाही. माझा शब्द तुझ्यापुरता खरा आणि त्याच्यापुरता खोटा, असं दोन मापांनी मोजणारी इभ्रत मला समजत नाही, आणि समजून घ्यावीशीही वाटत नाही. वर्गात मी कार्नॅकला लबाड म्हणायचे. आता वाटतं की तो एकटाच लबाड असता तर गोष्ट किती सोपी होती.

दादांशी मी हे बोलले. ते ऐकून घेऊन जरा वेळानं म्हणाले, “दीदी, आमच्याकडे अजून मुलांना बर्गी येतील म्हणून झोपवतात.” बर्गी म्हणजे आपलेच मराठे स्वार. नागपूरकर भोसल्यांच्या या स्वारांनी १७४२ पासून बंगालची गावं लुटली, जाळली. त्यांच्या धास्तीनं कोलकात्याभोवती मराठा खंदक खणायला घेतला होता. १७४४ मध्ये नवाब अलिवर्दीखानानं भास्करराम कोल्हटकरांना बोलणी करायला तंबूत बोलावून मारलं, हे मी शिकवलं होतं. त्या आधीच्या दोन वर्षांत बंगालच्या खेड्यांचं काय झालं, ते शिकवलं नव्हतं. द्वंद्वाच्या वेळीसुद्धा चिमणाजी भोसले तीस हजारांची फौज घेऊन कटकला बसले होते आणि कोलकात्यातल्या गोऱ्यांना त्याचाही घोर होता. दादांना उत्तर देण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. मी दिलंही नाही. ते म्हणतात ते खरं आहे.

घरी परतताना पुलावर ते थांबले. खाली नाला काळा, संथ. त्यांनी विचारलं, “आणि ते दोघं? ओलीस ठेवलेले. तह मोडल्यावर त्यांना मारलं का?”

नाही. बार्वेल ज्या महिन्यात कोलकात्याहून निघाला त्याच मार्च १७८० मध्ये, गुजरातेत समोरासमोर छावण्या पडलेल्या असताना, महादजींनी फार्मर आणि स्टुअर्ट या दोघांना सोडून दिलं. दोघंही धडधाकट गॉडर्डच्या छावणीत परत गेले.

दादा म्हणाले, “हे बाळाला सांगा.” बाळ तेव्हा तेवीस दिवसांचं होतं. घरी जाऊन मी हातपाय धुतले, त्याला मांडीवर घेतलं आणि सांगितलं.